बोलका फोन फुटला तेव्हा

फोन पडला तो मांडव्याच्या जेटीवर, बोटीतून उतरताना. मागून कुणाची तरी चाकाची बॅग पोटरीवर आदळली, माझा तोल गेला, आणि काठी सांभाळू की फोन हे ठरायच्या आत फोन हातातून सुटला. आधी सिमेंटवर आपटल्याचा आवाज आला, मग खरखरत घसरत गेल्याचा. पाण्यात पडला नाही एवढं कळलं. एका बाईने तो उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काच पार गेली हो. पण चालू आहे, लाइट लागलाय."

लाइटचा मला काही उपयोग नव्हता. मला दिसत नाही.

तिशीत आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेकडेचं, आणि चाळिशी उलटेपर्यंत सगळंच गेलं. मी शाळेत मराठी शिकवत होते. ती नोकरी सुटली. त्यानंतरची काही वर्षं चौलच्या घरात नुसती बसून काढली. मग मुंबईतल्या एका संस्थेत बोलका फोन वापरायला शिकले. फोन वेगळा नसतो, सगळ्यांकडे असतो तोच. त्यातली एक सोय चालू केली की बोटाखाली जे येईल ते तो वाचून दाखवतो. एक बोट फिरवायचं, हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी मारायची. दोन बोटं एकदम वर सरकवली की पान पुढे जातं. सांगायला सोपं, शिकायला मला वर्ष लागलं. पण त्या वर्षानंतर औषधाच्या पट्टीवरचं नाव मी कॅमेऱ्यासमोर धरून स्वतः ऐकू लागले. पेपर वाचू लागले. आणि पुढे मीच शिकवायला लागले. नव्याने दृष्टी गेलेल्या बायकांना संस्था माझा नंबर द्यायची, मी घरून फोनवर त्यांच्याकडून एकेक गोष्ट करून घ्यायची. अधूनमधून संस्थेत जावं लागे, तेव्हा बोटीने एकटी जायची. मला त्याचा अभिमान होता आणि नवऱ्याला घोर.

तर जेटीवर मी फोन हातात धरून उभी होते आणि बोट न लावताच तो बोलायला लागला. "मागे. कॅमेरा. आवाज कमी. मागे. मागे. संपर्क." फुटलेल्या काचेला आपोआप स्पर्श होत होता आणि प्रत्येक खोट्या स्पर्शाला आतला आवाज प्रामाणिकपणे उत्तर देत होता. मी बोट फिरवलं तर काचेचा कण बोटात गेला, आणि फोनने माझं काही ऐकलं नाही. नवऱ्याला लावायला गेले, तर त्याने आपणहून गॅसवाल्याला कॉल लावला. "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" तो बिचारा वैतागला, आणि मला तो कॉल कापता येईना. फोन बंद करायचा म्हटलं तरी शेवटी काचेवरच टिचकी मारावी लागते. अखेर मी तो ओढणीत गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी घातला. तिथूनही तो बोलतच राहिला.

बोटीच्या तिकिटावर मांडव्याहून अलिबागपर्यंत बस असते. कुणीतरी दंडाला धरून मला बसमध्ये चढवलं. शेजारी एक बाई येऊन बसली, तिच्या रिकाम्या पाटीला मासळीचा वास होता. पिशवीतला आवाज ऐकून ती म्हणाली, "कोन बोलतंय गो आत?"

मी सांगितलं.

"मंग घरी कलवायला पायजे. सांग नंबर, माझ्यावरून लावते."

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला नंबर पाठ नव्हता. इतकी वर्षं मी नुसतं 'घरी लाव' म्हणायचे आणि तो लावायचा. आठवला तो घरातल्या जुन्या, तारेच्या फोनचा नंबर. वादळात तारा गेल्या तेव्हापासून तो फोन मेलेला होता.

"नवऱ्याचा पन नंबर पाठ न्हाय?" ती म्हणाली. तिला हसू आलं होतं, ते तिने आवरलं ते मला कळलं. अलिबागला तिने मला रेवदंड्याच्या एसटीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "हिला चौल नाक्याला उतरव. डोल्यांनी दिसत न्हाय हिला." सगळ्या गाडीने ऐकलं. एरवी मी स्वतः तिकीट काढते, स्वतः उतरते. त्या दिवशी माझी पाठवणी झाली, टपालातून पार्सल जातं तशी.

नवरा वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होता. त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "अगं, केवढी फुटलीय! हाताला लागेल तुझ्या. राहू दे, मी बघतो." त्याने खोके बांधायची पारदर्शक पट्टी आणून काचेवर चिकटवली. बोटाला आता लागत नव्हतं, पण फोनची बडबड वाढली. संध्याकाळपर्यंत त्याने आपल्याआपणच चुकीचे आकडे दाबून स्वतःला कुलूप लावून घेतलं, आणि थोड्या थोड्या वेळाने तेच सांगत राहिला, की पुन्हा प्रयत्न करा.

दुसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फोन उलटापालटा केला आणि नवऱ्याला विचारलं, "काका, हा मॅडम वापरतात? त्यांना तर दिसत नाही ना?"

"नाही."

"मग काच बदलून काय करणार?"

मी काउंटरच्या अलीकडे उभी होते, हातभर अंतरावर. म्हटलं, "मी काचेवरूनच वापरते. मला विचारा."

तो गडबडला, पण उत्तर पुन्हा नवऱ्यालाच दिलं. मॉडेल जुनं आहे, कंपनीचा डिस्प्ले आता येत नाही. मुंबईला सांगून ठेवता येईल, पण येईल तेव्हा येईल. कॉपी मिळते, ती अगदी सेम असते, कुणाला फरक कळत नाही. नाहीतर नवाच घ्या, काका, इतका खर्च करण्यापेक्षा. मला नवा नको होता. त्या फोनवर कुठे काय आहे हे माझ्या बोटांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. नव्या फोनवर मी पुन्हा चाचपडणार, आणि ते चाचपडणं मी एकदा भोगलं होतं. मी म्हटलं, कॉपी बसवा. फोन दुकानात राहिला. सिम काढून नवऱ्याच्या फोनमध्ये घातलं.

फोन परत येईपर्यंतचे दिवस मी विसरायचा प्रयत्न केला आहे, पण ते विसरले जात नाहीत. वाईट कुणी वागलं नाही. नवरा तर फारच चांगला वागला. सकाळी पेपर आला की मी म्हणायची, "काय आहे?" तो पानं उलटायचा आणि म्हणायचा, "आज वाचण्यासारखं काही नाही." मला वाचण्यासारखं काय आहे ते तोच ठरवत होता. माझ्या गोळ्या तो तळहातावर ठेवायचा. चहा करायला उठले की, "तू बस, मी आहे ना." ते 'मी आहे ना' दिवसातून इतक्यांदा ऐकलं की माझे हातपाय खरोखरच जड झाले. ओटीवर खुर्चीत बसून राहायचं, वाडीत सुपारी सोलल्याचा आवाज ऐकायचा, दुपार झाली की जेवायचं. नोकरी सुटल्यानंतरच्या त्या वर्षांत मी याच खुर्चीत बसत होते. आपण पुन्हा तिथेच येऊन पडलो, आणि या वेळी उठायची ताकद नाही, असं मला वाटू लागलं. एकदा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच सगळे डबे खाली काढले आणि एकेक हुंगून परत लावले. काहीतरी मला कळतंय एवढंच बघायचं होतं.

त्यातच एका मुलीची काळजी होती. पोयनाडच्या बाजूची, पंचविशीतली. तापाच्या दुखण्यात तिची दृष्टी गेली, वर्षही झालं नव्हतं. लग्न ठरलं होतं, ते मोडलं. रोज दुपारी ती मला फोन करायची आणि आम्ही शिकायचो. कॉल घेणं, लावणं झालं होतं, आलेला मेसेज ऐकण्यापर्यंत पोचलो होतो. मध्येच एकदा ती म्हणाली होती, "तुम्ही नसता ना मॅडम, तर मी आमच्या विहिरीचा रस्ता धरला असता. तो मला न बघता येतो." आणि हसली होती. मला हसू आलं नव्हतं.

मी नवऱ्याला विचारायची, "माझ्या नंबरवर कुणाचा फोन?"

"आला होता दुपारी कुणा मुलीचा. सांगितलं मी."

"काय सांगितलं?"

"हेच, की फोन बिघडलाय."

मी म्हटलं, परत आला तर मला आणून द्या. तो वाडीत, फोन त्याच्या खिशात. पण तिचा कॉल परत आलाच नाही.

दुकानातून निरोप आला तेव्हा मी चप्पल घालून आधीच दारात उभी होते. दुरुस्तीवाला खुशीत होता. "बघा काका, एकदम नवा!" नवरा म्हणाला, "झकास." मी फोन हातात घेतला. गुळगुळीत होता, गप्प होता. बोलण्याची सोय चालू केली आणि तोच ओळखीचा आवाज आला. एक बोट फिरवलं, वाचलं. टिचकी मारली, उघडलं. मग दोन बोटं वर सरकवली.

काहीच झालं नाही. पुन्हा सरकवली. फोन जिथे होता तिथेच. दोन बोटं लागली की त्या काचेचा गोंधळ व्हायचा. कधी ती एकच धरायची, कधी एकही नाही. म्हणजे पहिलं पान होतं, त्याच्या पुढचं जग नव्हतं.

"चालत नाही," मी म्हटलं.

"चालतंय की," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने बोलण्याची सोय बंद केली, एका बोटाने झर्रझर्र पानं सरकवली. "काका, बघा तुम्हीच."

नवरा म्हणाला, "चालतंय गं."

"तुमच्यासाठी चालतंय!"

मी ओरडले होते. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, ती गप्प झाली. मी समजावून सांगायला गेले, की माझा फोन दोन बोटांनी चालतो, तीन बोटांनी चालतो, तुम्ही बघून जे एका बोटाने करता ते मला असं करावं लागतं. अर्ध्यावरच माझा आवाज फुटला. शाळेत पन्नास पोरांसमोर कधी न रडलेली बाई मी, त्या काउंटरला धरून रडले. दुरुस्तीवाला घाबरून म्हणाला, "मॅडम, दुसरी कॉपी लावून बघतो." त्याने लावलीही. तीही तशीच निघाली.

घरी येऊन मी नवऱ्याला त्या मुलीचा नंबर लावायला सांगितला. त्याला दिसतं, त्यामुळे त्याच्या हातात तो फोन उत्तम चालत होता. "बंद आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशीही. मला तिची ती विहीर आठवायची.

याच दरम्यान एका संध्याकाळी नवरा रेवदंड्याहून आला आणि माझ्या हातात एक छोटासा हलका फोन ठेवला. बटणांचा. "हा घे. कॉल येतील, कॉल लावता येतील. पाचचं बटण उंच आहे, हाताला लागतं. फुटायची भीती नाही. बाकीचं वाचायला मी आहे ना."

त्याने मनापासून आणला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तो त्याच्या हातात परत दिला. "हा घेतला तर मी संपले," मी म्हटलं.

"असं काय बोलतेस? एक फोन तर आहे."

"तुमचे डोळे काढून दुकानात ठेवले आणि कुणी म्हणालं, हे घ्या, यातून फक्त सूर्य उगवला का तेवढं कळेल, तर?"

त्याने तो छोटा फोन खिशात घातला. म्हणाला, "मला भीती वाटते गं. तू जेटीवर पडली असतीस तर? फोन पडला म्हणून निभावलं." मग म्हणाला, "तू घरात असलीस ना, की मला झोप लागते."

इतक्या वर्षांत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. पण मला त्याची दया आली नाही. मी इतकी चिडले होते की दया यायला जागाच नव्हती. म्हटलं, "उद्या मला अलिबागला नेऊन आणा. मी नवा घेणार आहे. दुकानात तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

रात्रभर विचार करून नव्हतं ठरवलं. ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मुंबईहून काच येईल याची वाट बघत त्या खुर्चीत बसणं मला शक्य नव्हतं, आणि कॉपीचा फोन घेऊन बसणं म्हणजे बंद दाराशी बसणं. जुना फोन सोडायचा एवढंच राहिलं होतं.

मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने नेहमीप्रमाणे नवऱ्याला विचारलं, "सर, कितीपर्यंतचा बघायचा?" उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. शांतता. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे तोंड केलं असावं, कारण आवाज जवळ आला. "मॅडम?"

मी एकेक फोन मागून घेतला. दोन्ही आवाजाची बटणं एकदम दाबून धरली की बोलण्याची सोय चालू होते, हे त्याला माहीत नव्हतं. पहिला फोन बोलायला लागला तसा तो दचकला. प्रत्येकावर मी दोन बोटं फिरवली, तीन बोटं फिरवली. एकाच्या कडा इतक्या गोल होत्या की काच कुठे संपते ते कळेना. एक साबणासारखा निसटत होता. सपाट कडांचा, जरा जाड असा एक शेवटी हाताला पटला. नवरा मागे उभा राहून सारखा घसा खाकरत होता. बोलला मात्र नाही.

"मॅडम, वरून काच लावतो, जाडवाली. हातोडा मारला तरी फुटणार नाही." लावली. दोन बोटं पुन्हा अडखळायला लागली. मी ती काढायला लावली. पातळ लावली, ती चालली. मागून जाड रबराचं कव्हर घेतलं, आणि गळ्यात अडकवायची दोरी. दोरी मला आवडत नाही, गुरांच्या गळ्यातल्या घंटेची आठवण होते. तरी घेतली. माझं सिम आणि जुन्या फोनमधले नंबर विक्रेत्याने नव्यात घालून दिले.

घरी येऊन मी सगळ्यात आधी संस्थेला फोन केला आणि त्या मुलीच्या आईचा नंबर मागून घेतला. नव्या फोनचा आवाज परक्या बाईचा होता आणि फार सावकाश बोलायचा. तो वेगवान कुठून करायचा तेही मला सापडलं नव्हतं. एकेक आकडा ऐकत नंबर लावला. चुकून कॉल स्पीकरवर, मोठ्या आवाजावर गेला, आणि तो छोटा कुठे करायचा तेही मला माहीत नव्हतं. नवरा शेजारीच होता.

आईने उचलला. मुलगी बरी आहे ना, एवढंच मी विचारलं.

"हाय बरी. म्हंजे जेवते, झोपते. फोन बंद करून ठेवलाय तिनं. तांदळाच्या पिंपात."

"पिंपात? का?"

"तुमच्या घरच्यांनी सांगितलं ना, मॅडमचा फोन फुटला, आता त्यांना काय वापरता यायचा न्हाय. तवापासून बोलते, मॅडमचंच असं झालं तर माझं काय. हात लावत न्हाय. फुटंल म्हनून आत घालून ठेवलाय."

नवऱ्याचा श्वास मला ऐकू आला. मग तो उठला. वाडीच्या बाजूचं दार वाजलं.

मी म्हटलं, "तिच्या कानाला लावा हा फोन."

पलीकडे खुडबुड झाली. मग काही नाही. ती ऐकतेय असं धरून मी बोलले. जेटीपासून सगळं सांगितलं, गॅसवाल्याचं, दुकानातल्या काचेचं, बटणांच्या फोनचं.

शेवटी ती म्हणाली, "तुम्ही रडलात? दुकानात?"

"हो. सगळ्यांसमोर."

"मग?"

"मग नवा घेतला. तो मला अजून येत नाही. हा कॉल छोट्या आवाजावर कसा आणायचा ते मला कळत नाहीये."

ती हसली नाही. "बघते," म्हणाली आणि फोन आईकडे दिला.

नवरा अंधार पडल्यावर आत आला. "मला काय माहीत, ती एवढं मनावर घेईल," तो म्हणाला. मी म्हटलं, "माहीत नव्हतं ना, मग बोलायचं नाही." अजूनही तो विषय आमच्यात नीट निघालेला नाही. पेपर मात्र तो आता मी म्हटल्याशिवाय हातात घेत नाही.

तिचा फोन दुसऱ्या दिवशी बंदच होता. त्यानंतरही. मी रोज दुपारी लावायची, परक्या बाईचा आवाज मला सांगायचा की फोन बंद आहे. मी खुर्चीत बसून नवा फोन शिकत होते, चुकत होते. कधी कधी तो मांडीवर उपडा टाकून तशीच बसून राहायची. पहिल्या फोनच्या वेळी मी शिकले ते कुणीतरी पलीकडून सांगत होतं म्हणून. आता पलीकडे कुणी नव्हतं.

मग एका दुपारी मी सुकट निवडत असताना गळ्यातला फोन वाजला आणि त्या परक्या आवाजाने तिचं नाव उच्चारलं, चुकीचं, तोडून तोडून. हात पुसायचंही भान मला राहिलं नाही.

"मॅडम, चार्जिंगच्या भोकात तांदळाची कणी अडकली होती," ती म्हणाली. "आई सुईने काढत होती. म्हणून इतके दिवस लागले."

हे खरं की खोटं ते मी विचारलं नाही.

"कुठवर आलो होतो आपण?" तिने विचारलं.

"मेसेज ऐकण्यापर्यंत," मी म्हटलं. "थांब जरा, माझे हात मासळीचे आहेत."